राजी, पबजी आणि दुर्गाडीचा बुरूज

18 ऑगस्ट 2020. निन्टेंडोने स्वतंत्र स्टुडिओंच्या गेमसाठीच्या आपल्या ऑनलाइन कार्यक्रमात पुण्यात तयार झालेला एक ॲक्शन गेम दाखवला आणि त्याच दिवशी तो स्विच या हातात धरायच्या कन्सोलवर विक्रीला आला. नाव ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. सर्कशीत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवून नेलेला तिचा धाकटा भाऊ गोलू आणि त्याला सोडवण्यासाठी दुर्गेने दिलेला त्रिशूळ. त्यानंतर बारा दिवसांनी, 30 ऑगस्टला, पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये खेळणी आणि कॉम्प्युटर गेम यांवर बोलले आणि आपल्या विषयांवरचे गेम आपल्याकडे बनवा, असं आवाहन त्यांनी केलं. 2 सप्टेंबरला केंद्र सरकारने 118 ॲप्सवर बंदी घातली. त्यांत पबजी मोबाइल होता.

त्या दिवसांत कोरोनामुळे लोकल सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद होत्या. अत्यावश्यक सेवेतली माणसं सोडली तर ठाणे, डोंबिवली, कल्याण घरातच होतं. शाळा मोबाइलवर भरायची आणि सुटली की त्याच मोबाइलवर शंभर जणांचं युद्ध सुरू व्हायचं. “नॉक झालो, रिव्हाइव्ह दे” हे ओरडणं जिन्यापर्यंत ऐकू यायचं. पबजी बंद झाल्याची बातमी सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर पोचली. पुण्यातल्या मूठभर लोकांनी खपून केलेला गेम जगभर विकला जातोय, याची चर्चा मात्र मराठी घरांत फारशी झाली नाही. गेम म्हटलं की आपल्याकडे बोलणं होतं ते वेळेचं, डोळ्यांचं, परीक्षेचं. चित्र कसं उतरलंय, लढाई कशी बांधलीय, गोष्ट कुठे फसलीय, हे कुणी विचारत नाही. एका नाटकावरून मध्यरात्रीपर्यंत वाद घालणाऱ्या समाजाने इथेच गप्प बसावं, हे खटकतं.

म्हणून हा वाद. तो घालणारे मामा आणि भाची कल्पित आहेत, पण त्यांची मतं या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत सापडतील. मामा डोंबिवली पूर्वेला राहणारे निवृत्त चित्रकला शिक्षक, मूळचे कुडाळजवळचे. भाची ठाण्याची, मोबाइल गेम काढणाऱ्या एका कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे गेम बाजारात जाण्याआधी तो कुठे अडकतो, कुठे फुटतो, हे शोधणं तिचं काम. रविवारी ती स्विच घेऊन मामांकडे आली आणि तो त्यांच्या हातात दिला. पहिली तक्रार आली, पण ती मारामारीची नव्हती.

“ती पोरगी कुठे आहे यात? मला नुसते महाल दिसतायत.”

“कॅमेरा मुद्दाम लांब ठेवलाय, मामा. वास्तूची भव्यता दिसावी म्हणून. टीव्हीला जोडलं की राजी व्यवस्थित दिसते. हातात घेतलं की बारीक होते, हे खरंय.”

“मग हातात धरायच्या यंत्रावर आधी का काढला?”

प्रश्न रास्त होता. स्विच 3 मार्च 2017 रोजी जगाच्या बाजारात आला. 6.2 इंचांची टचस्क्रीन, दोन्ही बाजूंना काढता-घालता येणारे बटणांचे कंट्रोलर. डॉकमध्ये ठेवला की चित्र टीव्हीवर जातं आणि तेवढा वेळ टचस्क्रीन निकामी होते. प्रवासात आणि घरात एकच गेम चालावा, हा त्यामागचा विचार. लांबून दिसणारी नगरी टीव्हीवर शोभते, पण लोकलमध्ये दोन माणसांच्या मधून वाट काढलेल्या हातात ती आक्रसते.

“त्यांच्याकडे निवड कुठे होती?” भाची म्हणाली. “नॉडिंग हेड्स गेम्स हा पुण्यातला नवा स्टुडिओ. अविचल सिंग, श्रुती घोष, इयन मॉड यांनी काढलेला. 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. मग सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला. निन्टेंडोने आपल्या मंचावर गेम दाखवला म्हणून जगाने बघितला. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, कॉम्प्युटर यांच्यावर यायला 15 ऑक्टोबर उजाडला.”

“आणि हे यंत्र डोंबिवलीत कुठल्या दुकानात मिळतं?”

“रीतसर कुठेच नाही. निन्टेंडो स्विच भारतात अधिकृतपणे विकत नाही. दुकानदार बाहेरून आणतात, नाहीतर कुणाचा तरी भाऊ दुबईहून येताना घेऊन येतो.”

“म्हणजे दुर्गा आपली, कारागीर पुण्याचे, आणि पहिला प्रेक्षक ओहायोचा.”

यावर भाचीकडे चटकन उत्तर नव्हतं. एखाद्या चित्रपटाच्या बाबतीत हे झालं असतं तर वर्तमानपत्रांनी पुरवणी काढली असती. राजीचा पहिला आवाजही इंग्रजी होता. हिंदी आवाज 2022 च्या सुधारित आवृत्तीत आला. मराठी आवाज नाही. पुण्यात जन्मलेल्या गेमबद्दल मराठी माणसाने एवढी अपेक्षा ठेवणं गैर म्हणता येणार नाही.

मामांनी पुन्हा खेळायला घेतलं. राजी भिंतीवर धावत गेली, मागे उलटी झेपावली आणि असुराच्या अंगावर त्रिशूळ घेऊन उतरली. मामांचा अंगठा चुकीच्या बटणावर होता, त्यामुळे पुढच्याच क्षणी राजी कड्यावरून खाली गेली.

“ही काच आहे ना बोटाने चालणारी? मग बटणं कशाला?”

“लढाईला बटणंच हवीत. बटणाला कड असते, न बघता अंगठ्याला सापडतं. काचेला कड नसते. हाच गेम पुढे नेटफ्लिक्सने आपल्या सदस्यांसाठी फोनवर आणला. तिथे दोन्ही अंगठे चित्रावरच येतात, आणि असुर नेमका अंगठ्याखाली असतो. आम्ही टेस्टिंगला बसतो तेव्हा निम्मी भांडणं यावरूनच. कुठलं बटण कुठल्या कोपऱ्यात न्यायचं, लहान हाताला पोचेल का, घामाने बोट घसरलं तर काय.”

मामांना हे बोलणं आवडलं. हाताच्या कामाबद्दल कुणी इतक्या बारकाईने बोललं की त्यांचा विरोध थोडा वेळ थांबतो. पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता, आणि तो पबजीच्या काळातल्या पालकांच्या आक्षेपापेक्षा खोल आहे.

“भिंतींवर चित्रं काढलीयत. चांगली काढलीयत, पहाडी कलमाचा अभ्यास केलेला दिसतो. पण ही पोरगी त्यांच्यासमोरून उड्या मारत निघून जाते. चित्र काढणाऱ्याने महिना घातला असेल, खेळणारा तीन सेकंदही देत नाही.”

“चित्राजवळ जाऊन उभं राहिलं की दुर्गा आणि विष्णू ती कथा सांगतात, मामा. गेम थांबू देतो.”

“थांबू देतो. थांबायला लावत नाही.”

भाचीने शास्त्राचा आधार घेतला. रॉचेस्टर विद्यापीठातले शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बाव्हेलिए यांनी 2003 मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गेम न खेळणाऱ्या तरुणांच्या एका गटाला त्यांनी दहा दिवस रोज तासभर ॲक्शन गेम खेळायला लावला, दुसऱ्या गटाला टेट्रिस. ॲक्शनवाल्यांची नजर एकाच वेळी जास्त वस्तू टिपू लागली, कडेच्या हालचाली त्यांना लवकर दिसू लागल्या. दृष्टीच्या अभ्यासात हा प्रयोग महत्त्वाचा मानला जातो.

“पटलं,” मामा म्हणाले. “लवकर दिसतं. नीट दिसतं, असं त्यांनी म्हटलंय का? मी वर्गात एक जास्वंद ठेवून पूर्ण तास बघायला लावायचो. पेन्सिल दुसऱ्या तासाला. पहिल्या दहा मिनिटांत पोरांना फूल दिसायचं, नंतर पाकळीवरची शीर दिसायची. तुझ्या गेममध्ये शीर बघत बसलं तर मान कापली जाते.”

हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. ॲक्शन गेम माणसाला सतत पुढे ढकलतो, आणि पुढे ढकलणाऱ्या कलेत चित्राचं स्थान काय, हा प्रश्न जगभरच्या गेमकारांना पडतो. राजीने त्यावर एक उपाय शोधला आहे. लढाया संपल्यावर मंडलांची कोडी येतात. रंगीत वर्तुळं फिरवून चित्र जुळवायचं, आणि जुळलं की राजीच्या आठवणीतला गोलू दिसतो. तिथे शत्रू नाही, घड्याळ नाही. या लेखकाच्या मते गेमचा सर्वांत सुंदर भाग तो आहे. त्रिशूळाच्या लढाया दुसऱ्या तासानंतर एकसुरी होतात.

भाचीने कथेचे प्रवेश दाखवले. दोन लढायांमधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितली आहे. पडद्यामागे उजेड, पुढे काळ्या आकृत्या. मामा सरसावून बसले.

“हे आमचं आहे!”

“आमचं म्हणजे?”

“पिंगुळीचं. कुडाळला लागून. तिथले ठाकर चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, कळसूत्री करतात, चित्रकथी सांगतात. पोथीतलं एकेक चित्र उचलून दाखवायचं आणि गायचं. परशुराम गंगावण्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. पुण्यातल्या या लोकांनी पिंगुळीला फोन केला असता तर?”

“त्यांनी कुठल्या परंपरेवरून घेतलं मला माहीत नाही. सावलीच्या बाहुल्या आंध्रात आहेत, केरळात आहेत, इंडोनेशियात आहेत. गेममध्ये बाली बेटाच्या पुराणकथांचाही अंश आहे.”

“म्हणूनच म्हणतो. जवळचं कुणी बघत नाही.”

मग देवांचा विषय निघाला, आणि इथे भाचीने अपेक्षेपेक्षा वेगळं टोक गाठलं. मामांची तक्रार होती की देवांनी दिलेलं शस्त्र म्हणजे नुसती वाढीव ताकद. त्रिशूळाला वीज जोड, शार्ङ्ग धनुष्याला बर्फ जोड, गुण साठव आणि लेव्हल वाढव. श्रद्धेचं असं गणित करू नये.

“मामा, तूच मला लहानपणी दशावतार दाखवलास. आडदशावतारात संकासुर येतो, वेद चोरतो, विष्णू त्याला मारतो. नंतर आख्यानात तलवारी, किंकाळ्या, पखवाजावर युद्ध. राजाचा मुकुट पडतो तेव्हा गाव टाळ्या पिटतं. ती ॲक्शनच होती ना?”

“ती माणसं होती. घाम गाळत होती. सकाळी तोच विष्णू चहाच्या टपरीवर भेटायचा.”

“यामागेही माणसं आहेत. ती भेटत नाहीत, हा तुझा राग आहे. मग राग गेमवर काढू नकोस, भेटायची सोय नाही त्यावर काढ.”

मामा काही बोलले नाहीत. भाचीचं म्हणणं बिनतोड होतं. आपल्याकडे दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ कुणी केलं हे लोकांना ठाऊक असतं, पण गेममधला किल्ला कुणी रंगवला हे शोधावं लागतं. राजीचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे, हे किती जणांना माहीत असेल? 2020 च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी राजीचं नामांकन झालं. पारितोषिक ‘फॅस्मोफोबिया’ला गेलं, पण त्या यादीत पुण्याचा स्टुडिओ असणं ही साधी गोष्ट नव्हती.

चहा झाल्यावर मामांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. शाळेच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी पबजीने पेंगणारी मुलं पाहिली होती. रात्री दोनपर्यंत गेममधल्या बेटावर, सकाळी सातला बाकावर.

“बंदी आली तेव्हा मला बरं वाटलं. खोटं बोलत नाही.”

“बंदी मुलांच्या झोपेसाठी नव्हती, मामा. सरकारने कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं आणि माहितीच्या गोपनीयतेचं. म्हणून तर जुलै 2021 मध्ये तोच गेम बीजीएमआय या नावाने परत आला. जुलै 2022 मध्ये पुन्हा गेला, मे 2023 मध्ये पुन्हा आला. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. पोरांनी आईचा नंबर टाकून ती ओलांडली असेल तर ते बघणारं कोण आहे?”

“मग तुझा राजी आणि तो पबजी यांत फरक काय? दोन्हीकडे मारामारीच.”

“राजी संपतो.”

मामांनी भुवया उंचावल्या.

“पाच-सहा तासांत संपतो. गोष्टीला शेवट आहे. पबजीला शेवट नाही. रोज आलास तर बक्षीस, सात दिवस सलग आलास तर मोठं बक्षीस, सीझन संपायच्या आत इतकं खेळलास तर नवा पोशाख. मी हेच तपासते, मामा. रात्री बारा वाजून एक मिनिटाला बक्षिसाची खूण पेटते की नाही. मुलाला परत बोलावणारी ती खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डरची व्याख्या केली, 1 जानेवारी 2022 पासून ती लागू आहे. त्यात बंदूक, तलवार, रक्त यांचा उल्लेख नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे निकष आहेत. पालक पडद्यावरचं रक्त बघतात. त्यांनी ती खूण बघायला हवी.”

या संपूर्ण वादात इतकं महत्त्वाचं दुसरं काही बोललं गेलं नाही. मुलाच्या हातातला गेम हिंसक आहे का, याआधी तो संपतो का, हे विचारायला हवं. कल्याणच्या एखाद्या आईने मुलाला राजी घेऊन दिला तर आठवड्याभरात त्याच्याशी शेवटाबद्दल बोलता येईल. गोलूचं काय झालं, तो शेवट का आवडला नाही. न संपणाऱ्या गेमबद्दल बोलायला फक्त गुण आणि क्रमांक उरतात. मामांनी याच ओघात रमीच्या जाहिराती काढल्या, पण ते प्रकरण वेगळं आहे. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळं ठेवलं. विकत घेऊन खेळायचा आणि संपणारा गेम त्या बंदीत बसत नाही.

“तू म्हणतेस संपणारे गेम बनवावेत,” मामा म्हणाले. “आणि पगार घेतेस न संपणाऱ्यांचा.”

“हो. कारण पैसा तिकडे आहे. पुण्यातल्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर 2024 मध्ये ‘इंडस’ काढला, तोही पबजीसारखा बॅटल रॉयलच. त्यांना मी दोष देत नाही. स्टुडिओ चालवायचा तर लोक रोज यावे लागतात. राजीसारखा गेम एकदाच विकला जातो. तो संपतोही अचानक; मलाच शेवटी फसवल्यासारखं वाटलं. लढाईत राजीचे हात कधी कधी अडखळतात, टीकाकारांनी ते लिहिलं, आणि बरोबर लिहिलं. पण मराठीत ते कुणी लिहिलं असतं तर मला जास्त आनंद झाला असता.”

मामा पुन्हा महालांकडे वळले. कमानी, जाळ्या, वाळूतले बुरूज. “सगळं राजस्थान. पुण्यात बसून यांना सह्याद्री दिसला नाही?”

“राजस्थानचे किल्ले लांबून ओळखू येतात. परदेशी माणसाला तेच आधी कळतं.”

“कल्याणला दुर्गाडी आहे. खाडीवर, वर देवीचं देऊळ, नवरात्रात जत्रा. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमार बांधायला घेतलं. पोर्तुगीज कारागीर कामावर होते, ते काम अर्धवट टाकून निघून गेले. यापेक्षा मोठी गोष्ट कुठली हवी? हवी तेवढी ॲक्शन आहे. भरती आहे, ओहोटी आहे, पळून जाणारे कारागीर आहेत.”

“आज दुर्गाडीवर बघायला फारसं काही उरलेलं नाही.”

“म्हणूनच. तुझ्या यंत्रात ते उभं करता येतं ना?”

भाची आता टेस्टरसारखी विचार करू लागली. राजी ज्या अनरिअल इंजिनवर बनला ते कुणालाही वापरता येतं. गेमचं उत्पन्न दहा लाख डॉलरपर्यंत जाईतो रॉयल्टी नाही, त्यावर पाच टक्के. खर्च माणसांच्या वेळेचा. पाणी महाग पडतं, भरतीचं वर-खाली होणारं पाणी त्याहून महाग, आणि हातातल्या छोट्या कन्सोलला ते झेपवायचं म्हणजे लाटांचा तपशील कमी करावा लागेल. बुरुजाच्या दगडाला फोटो मिळतील. गलबताचा सांगाडा कसा जोडत, फळ्या कशा सांधत, याची मात्र चित्रं लागतील.

“ती मी काढतो,” मामा म्हणाले. “पण खेळणारा सैनिक नको. सुतार हवा. पहिला अर्धा तास त्याने गलबत बांधायचं. मारामारी नंतर.”

“अर्धा तास? पाचव्या मिनिटाला हल्ला झाला नाही तर लोक बंद करून टाकतात. हे मी रोज बघते.”

“मग त्यांना बांधण्यात गुंतव. सांधा चुकला की पाणी आत येतं. ते संकट नाही का?”

भाचीने यावर विचार केला. सांधा चुकला तर पाणी आत येणं हे खरोखर बांधता येण्यासारखं होतं: बटण दाबून ठेवायचं, हातोड्याचा ताल साधायचा, चुकला की गळती. तिने दहा मिनिटांपर्यंत माघार घेतली. मामा पंचवीसवर अडून आहेत, आणि पहिला शत्रू खाडीकडून यावा की पुलाकडून, यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.